दोन तालुक्यांत दोन प्रती

सगुण वायंगणकरने मला पहिल्याच आठवड्यात वैताग आणला. गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा साच्यांचा कारखाना होता. औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं ज्या पोलादी साच्यांतून निघतात, ते साचे आम्ही करायचो. मी तिथं हिशेब बघत असे. सगुण संगणक सांभाळायला आला आणि आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "सुमंगलाबाय, हे तुजे आंकडे आज सगळे गेले, तर फाल्यां तूं कितें करतली?"

मी म्हटलं, आधी मला चहा पिऊ दे. तो हलला नाही. शेवटी मी चिडून सांगितलं की रडत बसेन. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि पुढच्या टेबलाकडे गेला. तिथं रूपाली बसायची, साच्यांची रेखाटनं करणारी. तिलाही त्याने तेच विचारलं. रूपाली हसली नाही. ती म्हणाली, "म्हजीं चित्रां गेलीं जाल्यार फॅक्टरी बंद."

ते खरंच होतं. हिशेब गेले असते तर मी जुनी बिलं चाळून ते पुन्हा उभे केले असते. रेखाटनं गेली तर मात्र काहीच उरत नव्हतं. एका साच्यात शेकडो बारीक मापं असतात. गिऱ्हाइकाकडे फक्त टोपणाचा आकार असतो. ते टोपण ज्यातून निघतं त्या साच्याचं सगळं गणित आमच्याकडे. जुना साचा झिजला तर त्यावरूनच दुरुस्त करायचा, नवा हवा तर त्यावरूनच कापायचा. तीसेक माणसांच्या घरच्या चुली त्या रेखाटनांवर पेटत होत्या.

सगुण डिचोली तालुक्यातला, पिळगावचा. तिथल्या लोहखनिजाच्या खाणी चालू होत्या तोवर तो एका खाणीच्या वजनकाट्यावरचे संगणक बघायचा. ट्रक काट्यावर चढला की त्याचं वजन नोंदलं जायचं आणि त्या नोंदींच्या प्रती सगुण इमानेइतबारे काढून ठेवायचा. एक नोंद त्याने कधी गहाळ होऊ दिली नाही. मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारोदार उभे राहिले, चाकांभोवती गवत वाढलं, काट्यावरचे संगणक भंगारवाल्याने नेले, आणि सगुणने जपलेल्या प्रती मागायला कोणी आलंच नाही. "इतलीं वर्सां सांबाळ्ळें, बाय," तो मला एकदा म्हणाला, "आनी कोणाकच नाका जालें." तो घरी बसून होता तेव्हा त्याची बायको सुशीला अंगणवाडीत काम करून घर चालवत होती. पुढे तुयेला नोकरी लागली. आठवडाभर तो आमच्या सखारामबरोबर वसाहतीजवळच्या खोलीत राहायचा आणि शनिवारी पिळगावला जायचा.

सखाराम आमचा सगळ्यात जुना कारागीर. नदीपलीकडच्या आरोंद्याचा. हाताने चाचपून पोलादाचा खडबडीतपणा सांगायचा आणि तोंडाने दिवसभर कोणाची ना कोणाची खेचायचा. सगुणसारखा माणूस खोलीत मिळाल्यावर त्याला रानच मोकळं मिळालं. "ह्यो झोपेत पण प्रती काढता," तो आम्हाला सांगायचा. "काल माका इचारीत होतो, सखारामदा, तुजी दुसरी प्रत खंय असा?"

आमचे मालक कृष्णनाथ शेट. पेडण्यातले, एका लेथवर धंदा सुरू करून इथवर आलेले. देवभोळे, पण कामाला पक्के. सगुणने त्यांना आधी एकच दणकट सर्व्हर घ्यायला लावला. त्यावर लिनक्स चढवलं आणि त्या एका यंत्राच्या पोटात तीन यंत्रं उभी केली: एक हिशेबाचं, एक रेखाटनांचं आणि एक कारखान्यातल्या मशिनांना हुकूम देणारं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एका घरात तीन बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं, छप्पर मात्र एकच. आमच्या टेबलांवर उरले ते नुसते पडदे. त्यातलं बाकीचं मला कळायला वेळ लागला, पण छप्पर कोसळलं तर तिन्ही बिऱ्हाडं एकदम उघड्यावर येतील, हे ताबडतोब कळलं.

सगुणला तर तेवढंच दिसत होतं. या मशिनांच्या प्रती कशा काढायच्या आणि कुठं ठेवायच्या, यावर त्याने असं चऱ्हाट लावलं की आम्हा सगळ्यांना बॅकअप हा शब्द ऐकला की जांभया यायला लागल्या.

शेटना सोपा उपाय हवा होता. सर्व्हरमध्येच स्नॅपशॉट नावाची सोय असते. मशीन या क्षणी जसं आहे तसं धरून ठेवायचं आणि उद्या बिघडलं की त्या क्षणाला परत जायचं. झटपट आणि फुकट. शेट म्हणाले, "हेंच पुरो."

"शेट, तो त्याच डिस्कार रावता," सगुण म्हणाला. "डिस्क गेली की तोय गेलो."

दुसरा उपाय होता तिन्ही मशिनं रविवारी बंद करून अख्खीच्या अख्खी उतरवून ठेवण्याचा. पण कामाचा रेटा असला की आमचा कारखाना रविवारीही चालायचा. सखाराम म्हणाला, "मशीन बंद करूचा नाय. बंद करायचा तर माका आधी बंद कर." तिसरा उपाय, सगळं इंटरनेटवरून लांब कुठंतरी पाठवून द्यायचा. आमच्या रस्त्यावर जो येईल तो खणायचा आणि केबल तोडून जायचा. माझे हिशेब पोचले असते, रूपालीची जडजंबाल रेखाटनं वाटेतच अडकली असती.

शेवटी जे ठरलं ते असं. मशिनं चालू ठेवूनच, दिवसभरात जेवढं बदललं तेवढंच रोज एका डिस्कवर उतरायचं. आठवड्यातून एकदा सगळं नव्याने उतरायचं. अशा डिस्क दोन. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी पिळगावला सगुणच्या घरी. शनिवारी ताजी डिस्क तो घरी न्यायचा आणि सोमवारी जुनी परत आणायचा. या सगळ्यात नेम एकच होता: दोन्ही डिस्क सर्व्हरच्या छपराखाली कधीही एकत्र येता कामा नयेत. "एक पेडण्यांत, एक दिवचलेंत," तो म्हणायचा. दिवचल म्हणजे त्यांची डिचोली. मला तो नेम आवडला. दोन तालुक्यांना एकदम आग लागणं कठीण.

सुशीलाच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती डिस्क जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असायची. म्हापशाला बस बदलून डिचोली. मी एकदा म्हापशापर्यंत त्याच्याबरोबर होते. बस खच्चून भरलेली, एक म्हातारी म्हणाली, पिशवी वरच्या फळीवर ठेव रे बाबा, मला पाय ठेवू दे. याने पिशवी छातीशी धरली आणि स्वतःचा पाय उचलून तिला जागा करून दिली. एका पायावर उभा, वाटेतला पूल ओलांडेपर्यंत. मला हसू आवरेना.

शिवाय महिन्यातून एकदा त्याची परीक्षा असायची. डिस्कवरची प्रत तो एका जुन्या संगणकावर उघडायचा, मशीन पुरतं उभं राहिलं की मला हाक मारायचा आणि माझ्याच नोंदी मला वाचायला लावायचा. "प्रत काडून कितें? ती उबी रावली जाय," असं त्याचं म्हणणं, ती उभी राहायला हवी. मी कुरकुरत जायची. पण खरं सांगायचं तर तो जुना पडदा उजळला आणि त्यात आपलं काम जसंच्या तसं दिसलं की बरं वाटायचं. कोणीतरी आपल्यासाठी जागं आहे असं वाटायचं.

आणि एकदा ते कामालाही आलं. वीज गेली आणि अशी दणक्याने परत आली की रेखाटनांचं मशीन उठेचना. रूपाली पांढरीफटक पडली. सगुण शांतपणे म्हणाला, "रडूं नाका. जेवून येयात." आम्ही जेवून आलो, कोणाच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं ती गोष्ट वेगळी. संध्याकाळच्या चहापर्यंत त्याने डिस्कवरून मशीन परत उभं केलं. रूपालीची आदल्या दिवसापर्यंतची एकूण एक रेघ जागेवर होती. शेटनी त्याला आपल्या केबिनमध्ये बोलावून समोरच्या कदेलीवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने चहा दिला. सखाराम त्या दिवशी एक शब्दही वाकडा बोलला नाही.

मला वाटतं, सगुणच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. त्याने सांभाळलेलं कुणाला तरी हवं होतं.

त्याच वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. मोठी मशिनं जागच्या जागी धुऊन-पुसून फुलांच्या माळा घालून पुजायची, आणि प्रत्येकाने आपलं हातातलं हत्यार आणून ऑफिसच्या हॉलमध्ये देवीच्या तसबिरीपुढे मांडायचं. सखाराम त्याचा मायक्रोमीटर ठेवायचा, कोणी कानस, कोणी हातोडी, ड्रायव्हर आपले पाने. मी माझा कॅल्क्युलेटर ठेवायची. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. त्या दिवशी हत्यारालाही विश्रांती असते.

सगुणची या दिवशी पंचाईत व्हायची. सर्व्हर शेजारच्या काचेच्या खोलीत, तो काही उचलून आणता येत नाही. पहिल्या वर्षी त्याने एक स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि सगळे हसले. त्यानंतर तो नुसताच हात जोडून मागे उभा राहायचा. सखाराम विचारायचा, "काय रे, तुजां हत्यार खंय असा?" सगुण हसून मान खाली घालायचा. मला तेव्हा त्याची दया यायची. तीसेक माणसं आपापल्या हत्याराला हळद-कुंकू लावतात आणि याच्या हाताला काही नाही.

त्या वर्षी मात्र सखारामने थट्टा केली नाही. दोन दिवस आधी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, "सगुण, तू ती डिस्क हाड. घरची. तीच तुजां हत्यार. तिने आमका वाचयला, तिची पूजा होवक व्हयी."

सगुण म्हणाला, घरची कशाला आणायची, एक इथं जोडलेली आहेच, तिचीच करूया.

"ती मशिनीक चिकटलेली," सखाराम म्हणाला. "तू हातातसून नेतंस-हाडतंस ती खंयची?"

शेट ऐकत होते. ते म्हणाले, "हाड रे सगुण. सगळ्यांचीं हत्यारां एकठांय जावंक जाय."

सगुणचा चेहरा मी पाहिला. संकोचला होता आणि सुखावला होता. नेम त्याला आठवत नव्हता असं मुळीच नाही. सुशीलाने मला नंतर सांगितलं की आदल्या दिवशी तो मुद्दाम पिळगावला गेला, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "हांगाच दवर. कोयतो आनी आदोळी वांगडा हांव तिचीय पुजा करतां." डिस्क इथंच राहू दे, घरच्या कोयत्या-विळीबरोबर तिचीही पूजा करते, असं तिचं म्हणणं. तो बराच वेळ डिस्क मांडीवर घेऊन बसला. मग म्हणाला, "ती फॅक्टरीची. तिची पुजा फॅक्टरींतच जावंक जाय." आणि नव्या रुमालात गुंडाळून घेऊन आला.

पूजा छान झाली. हॉलमध्ये झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, पडद्यांवर विजेच्या रंगीत माळा सोडलेल्या. पाटावर सगळी हत्यारं ओळीने, आणि मधोमध सगुणची ती काळी डिस्क, तिच्यावर हळद-कुंकवाचं बोट. भटजींनी विचारलं, हे काय? सखाराम म्हणाला, "आमच्या सगळ्यांचो जीव तेच्यात असा." सगुणने डोळे मिटून नमस्कार केला. मग शिरा वाटला, भजी आणि पाव झाले, आणि लोक घरी निघाले. दुसऱ्या दिवशी पेडण्याचा दसरा, त्याच्या तयारीची सगळ्यांना घाई.

सगुण घुटमळत राहिला. शेटना म्हणाला, पूजा तर झाली, ही मी आता परत घेऊन जाऊ का? सखारामच मध्ये बोलला, "पुजलेलां हत्यार उचलतंस? उद्या उत्तरपूजा झाली काय घे आणि जा." शेट म्हणाले, "एका दिसान कितें जाता रे? देवी बसल्या थंय."

त्याने समई बघितली. ती मोठ्या पितळी ताटात होती, आसपास काही पेटण्यासारखं नव्हतं. त्याचं समाधान झालं असावं. रंगीत माळांकडे त्याने पाहिलं नाही, कोणीच पाहिलं नाही.

मी दुपारी जेवून जरा लवंडले होते, तेवढ्यात आमच्या वॉचमनचा, अनंतचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. मी रिक्षा करून पोचले तेव्हा बंब आलेला होता आणि ऑफिसच्या खिडक्यांतून काळा धूर निघत होता. माळेची वायर तापून पडदा पेटला होता, पडद्यावरून छताच्या पत्र्याखालचं थर्माकोल, तिथून काचेची खोली. मशिनांचा हॉल वेगळा असल्याने वाचला. ऑफिस राहिलं नाही.

सगुण माझ्या आधी आला होता. सखारामने त्याला मागून कवेत धरून ठेवलं होतं आणि तो सुटायची धडपड करत होता, न ओरडता. आग विझल्यावर दोघं आत गेले. सर्व्हर वितळून वाकडा झाला होता. त्याला जोडलेली डिस्क त्याच्यातच चिकटलेली. पाटावरचा मायक्रोमीटर, हातोड्या, पाने काळे पडून का होईना, तिथंच होते. मधली डिस्क म्हणजे एक लगदा उरला होता. तो सगुणने उचलला तर त्यातून पाणी गळलं.

दोन्ही डिस्क बंगळूरला पाठवल्या. जळलेल्या डिस्कमधून माहिती काढणारे लोक असतात तिकडे. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात. दिवाळीनंतर आम्हाला एक मोठं काम पोचवायचं होतं, लहान मुलांना उघडता येऊ नये अशा टोपणाचे साचे. रूपालीने जवळजवळ वर्ष घालवलं होतं त्या रेखाटनांवर. त्या कामावर शेटनी सगळं लावलं होतं. रोज कोणीतरी सगुणला विचारायचं, काही आलं का? तो म्हणायचा, येईल. पुढे पुढे लोक विचारीनासे झाले. मग उत्तर आलं की दोन्हींतून काहीही निघण्यासारखं नाही.

रूपाली पहिल्यापासून काढायला बसली. सखाराम जुने साचे उघडून त्यांची मापं घेऊन तिला देत होता. पण झिजलेल्या साच्याची मापं झिजलेलीच येतात. आणि नव्या कामाचा तर साचाच नव्हता. गिऱ्हाईक थोडं थांबलं, मग त्याने काम दुसरीकडे दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? आधी नवी माणसं गेली, मग जुनी. पुढच्या चतुर्थीच्या आधी शेटनी दार बंद केलं. सखाराम त्या वयात आरोंद्याला परत गेला. रूपाली पुण्याला गेली. खाणी गेल्यावर धडपडत इकडे आलेली चार-पाच माणसं होती, ती परत जिथून आली तिथंच जाऊन बसली.

या सगळ्यात सगुणला कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटतं, तिथंच तो मोडला. शेवटच्या दिवशी तो शेटच्या समोर जाऊन उभा राहिला, मी तिथंच होते. म्हणाला, "शेट, म्हाका गाळी घालात."

शेट म्हणाले, "कित्याक रे? हाड म्हूण हांवेंच सांगलें. देवीची मर्जी."

तो सखारामकडे गेला. सखाराम आपली ट्रंक बांधत होता. त्याने वरही पाहिलं नाही. "मी तुका खंयच्या तोंडान बोलू?" तो म्हणाला. "मीच तुका भरीक घातलंय."

सगुणला शिव्या हव्या होत्या, आणि आम्ही सगळे त्याच्याशी चांगले वागत होतो. आजही मला वाटतं, कोणीतरी त्याला एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. शेट स्वतःला दोष देत होते, सखाराम स्वतःला दोष देत होता, आणि नेम मात्र सगुणचा होता. आम्हाला तो नेम माहीत होता. कळला होता तो त्याला एकट्याला.

त्यानंतर बऱ्याच काळाने मी पिळगावला गेले. मी आता म्हापशाच्या एका दवाखान्यात बिलं बघते. तिथं नवा सर्व्हर आला, त्याच्या पोटात पुन्हा तशीच मशिनं, आणि बॅकअप कसा घ्यायचा यावर डॉक्टर लोकांत घोळ चालला होता. मी म्हटलं, मला एक माणूस माहीत आहे. कोणाला न सांगता एका दुपारी बस पकडली.

सगुण घराच्या सोप्यावर बसला होता. केस पांढरे झालेले. जवळच्या साखळी गावात एका काजूच्या कारखान्यात तो पोती चढवायचं-उतरवायचं काम करत होता, सकाळची पाळी. मला बघून उठला, बस म्हणाला. मी दवाखान्याचं सांगायला लागले, आणि काय सांगू, तो माणूस जागा झाला. मशिनं किती? एक्स-रेची चित्रं किती मोठी? बंद ठेवता येतात का? मी सांगत गेले आणि त्याने तिथं बसल्या बसल्या सगळं मांडून दिलं. स्नॅपशॉटवर भिस्त ठेवू नका. रोज बदललेलं तेवढंच उतरवा, आठवड्याला सगळं. एक प्रत इमारतीत, एक दुसऱ्या इमारतीत, एक गावाबाहेर. महिन्यातून एकदा प्रत उभी करून बघा आणि ज्याचं काम त्यालाच बोलावून दाखवा. मग म्हणाला, "आनी कोणेंय सांगलें, देवान सांगलें, तरी सगळ्यो एकठांय हाडच्यो न्हय."

मी म्हटलं, "तूंच ये करायला. मी बोलते त्यांच्याशी."

"ना, बाय."

"कित्याक ना?"

"ना."

ऊन सोप्यावर आलं होतं. मला तहान लागली होती. मी म्हटलं, पाणी तरी दे. तो ओशाळला. "दार बंद आसा," म्हणाला. "सुशीला येतली आतां."

तेव्हा कुठं माझं दाराकडे लक्ष गेलं. कुलूप होतं. पाळी संपवून तो केव्हाचा येऊन तिथंच बसला होता, घामेजलेल्या शर्टात. मी विचारलं, तुझ्याकडे चावी नाही? त्याने सरकून सावलीतली जागा मला करून दिली.

सुशीला आली ती लगबगीने, मला बघून तिला आनंद झाला. ती कुलूप काढत असताना मी तिला रागवले. दोन चाव्या करून घ्यायला काय होतं ग? नवरा उन्हात बसलाय. ती खालच्या आवाजात म्हणाली, "केल्या गो. घेना तो. पावसांतूय भायर बसता." तो आता काहीच सांभाळायला घेत नाही. लेकीचा, सेजलचा बारावीचा दाखला आणायला गेला तर तिलाच बरोबर नेलं आणि तिच्याच हातात ठेवला. पगार घेऊन येतो तो दारातच सुशीलाच्या हातात देतो. आजारी माणसाजवळ बस म्हटलं तर बसत नाही.

मला इतका संताप आला की मी सुशीलाच्या हातातली चावी घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "धर," मी म्हटलं. "तुजें घर आसा हें. धर."

सगुणने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाका, बाय," तो म्हणाला. "म्हज्या हातांत कांय उरना."

मी चावी सुशीलाला परत दिली.